कालावधीचा हिशेब : संगणकावर नोंदी ठेवणाऱ्यांसाठी

सांगली जिल्ह्याच्या पूर्वभागातील ज्या तालुक्यांना पावसाने पिढ्यानपिढ्या मोजूनमापूनच दिले, त्यांत कवठे महांकाळची गणना होते. आणि जेथे पाणी मोजके असते तेथे काळही मोजावाच लागतो. सामाईक विहिरीवरील भाऊबंदांच्या पाळ्या, म्हैसाळजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्याने या तालुक्यात आणि पुढे जतकडे चढविलेल्या पाण्याची आवर्तने, शेतीपंपांना मिळणाऱ्या विजेचे तास, द्राक्षबागेत छाटणीपासून मोजले जाणारे दिवस आणि सोसायटीच्या कर्जाची मुदत, या सर्व व्यवहारांत एकच राशी पुनःपुन्हा येते, ती म्हणजे कालावधी. आजवर ही राशी वह्यांत लिहिली जात असे. आता ती मोबाइलवरील ॲपमध्ये, एक्सेलच्या तक्त्यांत आणि लहानमोठ्या संस्थांसाठी याच भागातील तरुणांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊ लागली आहे. वहीतील नोंद संशयास्पद वाटली तर ती लिहिणाऱ्याला गाठून विचारता येत असे. संगणकात शिरलेली चूक मात्र शेकडो खात्यांवर एकाच वेळी पसरते, आणि आकडे छापून आलेले असल्यामुळे त्यांच्याविषयी शंका घेण्यास खातेदार सहसा धजत नाही. म्हणून, ज्यांच्या हातून अशा प्रणाली तयार होत आहेत किंवा होणार आहेत, त्यांच्यासाठी कालावधी कसा नोंदवावा, कसा साठवावा आणि एका परिमाणातून दुसऱ्यात कसा न्यावा, याविषयी काही गोष्टी येथे विस्ताराने सांगावयाच्या आहेत.

प्रथम एक भेद मनात पक्का करावा. सकाळचे साडेसात ही वेळ आहे. साडेसात तास हा कालावधी आहे. वेळ हा काळाच्या रेषेवरील एक बिंदू असतो, तर कालावधी हे दोन बिंदूंमधील अंतर असते. म्हणून दोन वेळांची बेरीज निरर्थक ठरते, दोन कालावधींची बेरीज मात्र सार्थ असते, आणि एका वेळेतून दुसरी वजा केली असता जे उरते तो कालावधीच असतो. हे इतके उघड आहे की ते सांगण्याची गरज नाही असे वाटेल. परंतु प्रत्यक्षात अनेक प्रणालींत दोन्ही राशी एकाच प्रकारच्या रकान्यात कोंबलेल्या आढळतात, आणि घड्याळाच्या वेळेसाठी राखलेल्या त्या रकान्यात २३ तास ५९ मिनिटांच्या पलीकडचा आकडा मावत नसल्यामुळे, पंप सलग २६ तास चालला तर नोंद कशी करावी हा प्रश्न त्या पंपावरील माणसापुढे अकस्मात उभा राहतो. मग तो २६ तासांचे दोन तुकडे करतो, किंवा २ तास लिहून मोकळा होतो. दोष त्याचा नसतो. ज्याने रकाना आखला त्याचा असतो.

आता आपल्या भागातील सर्वांत प्रचलित आणि सर्वांत उपद्रवी पद्धतीकडे वळू. पंपाच्या नोंदवहीत ‘७.४५’ असे लिहिलेले असते. लिहिणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ ७ तास ४५ मिनिटे असाच असतो, आणि वाचणारा कारकूनही ते तसेच वाचतो. परंतु तोच आकडा संगणकाला दिला की तो बिंदू दशांशचिन्ह ठरतो, आणि ७.४५ तास म्हणजे ७ तास २७ मिनिटे होतात. १८ मिनिटे कोठेही न सांगता नाहीशी होतात. बेरजेत हाच घोटाळा अधिक बिकट होतो. समजा, सोमवारी पंप ७ तास ४५ मिनिटे आणि मंगळवारी ६ तास ३० मिनिटे चालला. खरी बेरीज १४ तास १५ मिनिटे आहे. तक्त्यात मात्र ७.४५ आणि ६.३० मिळून १३.७५ होतात, आणि पुढचा माणूस त्यांना पावणेचौदा तास समजतो. अर्धा तास गेला. पंपाचा उपसा सेकंदाला ५ लिटर धरला, तर त्या अर्ध्या तासाचे पाणी ९,००० लिटर होते. उन्हाळ्यात इतक्या पाण्यावरून तक्रार होऊ शकते, आणि ती झाली तर वही पाणी देणाऱ्याच्या बाजूने साक्ष देईल व संगणक घेणाऱ्याच्या बाजूने. शिवाय दोघांपुढे एकच आकडा असेल, कारण ७.४५ हे दोन्हीकडे ७.४५ असेच छापलेले दिसते.

या तफावतीवर उपाय साधा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून अमलात आणला पाहिजे. नोंद घेताना तास आणि मिनिटे यांसाठी दोन स्वतंत्र चौकटी ठेवाव्यात; मिनिटांच्या चौकटीत ५९ पेक्षा मोठी संख्या आली तर ती न स्वीकारता विचारणा करावी; आणि बिंदू घालून लिहिलेला आकडा कोणत्याही परिस्थितीत आपल्या तर्काने अर्थ लावून आत घेऊ नये. जुन्या वह्यांतील नोंदी संगणकात चढवावयाच्या असतील, तर आधी त्या लिहिणाऱ्या माणसाशी बोलून त्याची पद्धत कागदावर लिहून घ्यावी. एखाद्या वहीत बिंदूनंतरचा भाग कोठेही ५९ च्या वर गेलेला नसेल तर तेथे मिनिटे असण्याचा संभव मोठा, आणि ७५ किंवा ९० असे आकडे आढळले तर दशांश असण्याचा संभव मोठा, हे खरे. पण हा संभवच आहे, पुरावा नव्हे. एकाच वहीत दोन माणसांच्या दोन पद्धती नांदत असल्या तर अशा अंदाजाचा काहीच उपयोग होत नाही.

परिमाणांच्या रूपांतराची विद्या आपल्याकडे नवी नाही. घड्याळे घरोघर येण्यापूर्वी अहोरात्राच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळे आणि पळाची ६० विपळे अशी गणना चालत असे, आणि जुनी पंचांगे तिथीची समाप्ती सूर्योदयापासूनच्या घटिका-पळांत देत असत. २४ तासांची ६० घटिकांशी सांगड घातली म्हणजे घटिका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचे होते. अडीच घटिकांचा तास, अडीच पळांचे मिनिट आणि अडीच विपळांचा सेकंद. समजा, एखाद्या जुन्या पंचांगात तिथी ३७ घटिका २५ पळे आहे असे दिले आहे. ३७ ला २४ ने गुणून ८८८ मिनिटे येतात, २५ पळांची आणखी १० मिनिटे, म्हणजे एकूण ८९८ मिनिटे, अर्थात १४ तास ५८ मिनिटे. त्या दिवशी सूर्योदय ६ वाजून ३२ मिनिटांनी असेल तर तिथी रात्री ९ वाजून ३० मिनिटांनी संपेल. या लहानशा गणितात एक उत्तम शिस्त दडलेली आहे. आलेली राशी प्रथम एका परिमाणात आणली, सर्व गणित त्या एकाच परिमाणात केले, आणि माणसाला वाचता यावी अशी मांडणी शेवटी केली. शिवाय हा कालावधी ज्या क्षणापासून मोजला तो सूर्योदयाचा क्षण गावोगाव वेगळा असतो, ही जाणीवही गणिताबरोबर ठेवावी लागते. भारतीय प्रमाणवेळ ज्या ८२ अंश ३० कला रेखावृत्तावर आधारलेली आहे त्याच्या पश्चिमेस कवठे महांकाळ साडेसात अंशांहून किंचित अधिक दूर असल्यामुळे येथील स्थानिक सूर्य घड्याळाच्या सुमारे अर्धा तास मागे चालतो.

साठवणीसाठी परिमाण कोणते निवडावे, याचाही निर्णय याच उदाहरणावरून करता येतो. विपळ म्हणजे ०.४ सेकंद, सेकंदांच्या पूर्णांकात ते मावत नाही, आणि सेकंद म्हणजे अडीच विपळे असल्यामुळे विपळांच्या पूर्णांकात सेकंदही मावत नाही. मिलिसेकंद घेतले की विपळ बरोबर ४०० आणि सेकंद बरोबर १,००० होतो. तेव्हा नियम असा करावा की, आपल्या कामात येणारी प्रत्येक राशी ज्यात अपूर्णांकाशिवाय सांगता येईल असे परिमाण निवडावे, आणि कालावधी त्या परिमाणातील पूर्णांक म्हणून साठवावा. हजेरीपटासाठी मिनिटे पुरतात. पाण्याच्या हिशेबासाठी सेकंद अधिक योग्य. कारण क्युसेक या मापात सेकंद मुळातच बसलेला आहे. पावसाळ्यात कोयनेतून किती क्युसेक सोडले आणि धरणात किती टीएमसी साठा आहे, हे कृष्णाकाठचा प्रत्येक वाचक जाणतो. परंतु या दोन मापांना जोडणारा दुवा कालावधीच आहे. एक क्युसेक प्रवाह दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ८६,४०० घनफूट पाणी वाहून नेतो, म्हणून एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट पाणी एका दिवसात जाण्यास सुमारे ११,५७४ क्युसेकचा प्रवाह लागतो. ज्याने कालावधी सेकंदांत साठवला त्याला हे रूपांतर एका गुणाकारात मिळते.

परिमाण ठरले की ते रकान्याच्या नावातच लिहावे. ‘पंप_काल’ हे नाव अपुरे आहे. ‘पंप_काल_सेकंद’ हे पुरेसे आहे. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण संगणकीय भाषांच्या चाली भिन्न आहेत हे लक्षात घेतले म्हणजे तिचे महत्त्व पटते. युनिक्सच्या परंपरेत काळ सेकंदांत मोजतात, जावास्क्रिप्टमध्ये मिलिसेकंदांत, आणि गो या भाषेत कालावधी नॅनोसेकंदांच्या ६४ बिटांच्या पूर्णांकात ठेवतात, ज्याची मर्यादा सुमारे २९२ वर्षे आहे. आता ठिबकचा झडपनियंत्रक एका प्रोग्रॅमरने लिहिला आणि त्याला आज्ञा देणारे मोबाइल ॲप दुसऱ्याने. ॲपने ३० सेकंदांसाठी ३०,००० ही संख्या मिलिसेकंद समजून पाठविली आणि नियंत्रकाने ती सेकंद समजून घेतली, तर झडप ८ तास २० मिनिटे उघडी राहील. टाकी रिकामी होईल आणि बाग पाण्यात उभी राहील. दोघांच्याही लेखनात, वेगवेगळे पाहता, एकही चूक नसेल.

पूर्णांकाचा आग्रह का, याचे उत्तर इतिहासाने फार कठोरपणे दिलेले आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे पेट्रियट क्षेपणास्त्रांची एक तुकडी येणाऱ्या स्कड क्षेपणास्त्रास अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक प्राणास मुकले. त्या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांची मोजदाद पूर्णांकात करीत होते, म्हणजे साठवण निर्दोष होती. परंतु त्या संख्येचे सेकंदांत रूपांतर करताना ती एक-दशांशाने गुणली जाई, आणि एक-दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत कधीच संपूर्ण लिहिता येत नसल्यामुळे २४ बिटांच्या नोंदीत तिचे शेपूट तोडलेले होते. प्रत्येक दशांश-सेकंदामागे सुमारे ०.०००००००९५ सेकंद इतकी ती त्रुटी. पण यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू राहिल्यामुळे ती साठत साठत ०.३४ सेकंदांपर्यंत पोचली, आणि सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या संदर्भात तितका काळ अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतराचा ठरला. या घटनेतून घ्यावयाचा बोध नेमका असा की, पूर्णांकात साठविलेली राशी गणित चालू असताना अपूर्णांकात नेऊ नये. भागाकार करावयाचाच असेल तर तो अगदी शेवटी, एकदाच करावा.

पूर्णांकालाही मर्यादा असते, तीही पाहून ठेवावी. ३२ बिटांच्या गणकात मिलिसेकंद मोजले तर तो ४९ दिवस १७ तासांनंतर भरून पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाचे शतांश चिन्हयुक्त ३२ बिटांत मोजले तर २४८ दिवसांनी तो ओसंडतो, आणि नेमक्या याच मुदतीमुळे अमेरिकेच्या विमान-वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये बोइंग ७८७ विमानांच्या विद्युत-जनित्रांविषयी सक्तीचा आदेश काढला होता. पंपघरातील यंत्र महिनोन्‌महिने बंद न होता चालते. तेव्हा गणक ६४ बिटांचा घ्यावा.

एक्सेलविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ग्रामीण कार्यालयांतील बहुतेक हिशेब आजही तेथेच होतात. एक्सेलमध्ये काळाचे मूळ परिमाण दिवस आहे. १ म्हणजे एक दिवस आणि तास हा त्याचा चोविसावा भाग. त्यामुळे आठवड्याची बेरीज ३७ तास ३० मिनिटे झाली तर आत १.५६२५ ही बरोबर संख्या असते, पण साधी वेळेची मांडणी निवडलेली असल्यास पडद्यावर १३:३० दिसते. पूर्ण दिवस गिळला जातो. तासांचे चिन्ह चौकोनी कंसात घातले की बेरीज २४ च्या पुढे जाऊ दिली जाते. दराने गुणताना प्रथम २४ ने गुणून तास करून घ्यावेत. हे विसरले तर तासाला १०० रुपयांप्रमाणे ३७ तास ३० मिनिटांचे ३,७५० ऐवजी १५६ रुपये २५ पैसे होतात. ही चूक मोठी असल्यामुळे लगेच लक्षात येते, हाच काय तो तिचा गुण.

पायथनमध्येही असाच एक सापळा आहे. तेथील कालावधीच्या वस्तूत दिवस आणि सेकंद असे वेगळे भाग असतात. २६ तासांच्या कालावधीचे ‘सेकंद’ विचारले तर एक दिवस बाजूला काढून उरलेले ७,२०० मिळतात, आणि एकूण ९३,६०० हवे असतील तर ‘टोटल सेकंद्स’ हीच क्रिया वापरावी लागते. २४ तासांपेक्षा लहान नोंदींवर तपासणी केली तर दोन्हींचे उत्तर एकच येते, आणि सॉफ्टवेअर निर्दोष आहे असा समज होतो.

शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत असते. पंप रात्री १० ला सुरू झाला आणि पहाटे ६ ला बंद झाला, तर सहातून बावीस वजा करून उणे १६ तास येतात. काहीजण यावर उत्तर उणे आले तर २४ मिळवा अशी मलमपट्टी करतात. परंतु पंप त्याच्याही पुढच्या पहाटे ६ पर्यंत, म्हणजे ३२ तास चालला तरी हीच युक्ती ८ तास सांगत राहील. आरंभ आणि शेवट दोन्ही तारखेसह नोंदवावेत. याला पर्याय नाही. तारखेसह वेळ साठविताना ती जागतिक समन्वित वेळेत साठवून फक्त दाखविताना साडेपाच तास मिळवावेत. भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही म्हणून हे अनावश्यक, असे कोणी म्हणेल. पण युद्धकाळात १ सप्टेंबर १९४२ रोजी आपल्या देशातील प्रमाणवेळ एक तास पुढे करण्यात आली होती आणि १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत ती तशीच राहिली, हा इतिहास आहे. आणि वर्तमानात पाहावयाचे तर या भागातून नेदरलँड्सकडे जाणाऱ्या द्राक्षांचा हंगाम आणि तेथील घड्याळ एक तास पुढे करण्याचा मार्चमधील शेवटचा रविवार यांची गाठ दरवर्षी पडते. त्या रविवारी तेथील दिवस २३ तासांचा असतो. कंटेनरमधील तापमानाच्या नोंदी स्थानिक वेळेत असतील, तर त्या रात्रीचा शीतकाळ एका तासाने खोटा लांबलेला दिसेल.

एखादी क्रिया किती वेळ चालली हे यंत्राने स्वतः मोजावयाचे असेल तेव्हा तर दिवसाचे घड्याळ वापरूच नये. ते घड्याळ इंटरनेटवरून दुरुस्त होत असते, वेळप्रसंगी मागेही जाते. १ जानेवारी २०१७ रोजी, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजत असताना, जगाच्या घड्याळांत एक अधिक सेकंद घालण्यात आला, आणि त्या क्षणी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या एका प्रणालीत कालावधी शून्याखाली जाऊन काही सेवा कोलमडल्या. काळ मागे जाणार नाही असे गृहीत धरलेले होते. प्रत्येक प्रमुख भाषेत केवळ पुढेच जाणारे असे एक अंतर्गत घड्याळ उपलब्ध असते. कालमापनासाठी तेच घ्यावे.

येथवर ज्याचा विचार झाला तो स्थिर कालावधी होय: सेकंद, मिनिटे, तास. आता दुसऱ्या जातीकडे वळावयाचे, जिची लांबी पंचांगावर किंवा दिनदर्शिकेवर अवलंबून असते. तिथी सुमारे १९ तासांपासून २६ तासांहून थोडी अधिक अशी कमीजास्त होते. महिना २८ पासून ३१ दिवसांचा असतो. वर्ष ३६५ किंवा ३६६ दिवसांचे. ‘तीन महिने’ याचे सेकंदांत रूपांतर होऊ शकत नाही, आणि जो ते ३० ने गुणून करतो तो कर्जदाराशी किंवा संस्थेशी, कोणाशी तरी, अन्याय करतो. आपल्या कायद्यात याचा निर्णय फार पूर्वीच झालेला आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने महिना म्हणजे इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे मोजलेला महिना असे ठरविले, आणि १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या १२ व्या कलमाने मुदत ज्या दिवसापासून मोजावयाची तो दिवस वगळावा असे सांगितले. सॉफ्टवेअरमध्येही हा भेद पाळण्याची सोय आहे. जावाच्या २०१४ मधील आठव्या आवृत्तीपासून स्थिर कालावधी आणि दिनदर्शिकेचा कालावधी यांसाठी दोन स्वतंत्र प्रकार आहेत. पोस्टग्रेस हा डेटाबेस महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद हे तीन भाग वेगवेगळे ठेवतो. कालावधी लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीत, म्हणजे आयएसओ ८६०१ मध्येही, दिनदर्शिकेचा भाग आणि घड्याळाचा भाग यांच्यामध्ये ‘टी’ हे अक्षर घालतात. त्याच्या अलीकडचा ‘एम’ महिना दर्शवितो आणि पलीकडचा मिनिट.

हप्त्यांच्या तारखा काढताना एक दक्षता घ्यावी. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की (लीप वर्ष नसल्यास) २८ फेब्रुवारी येते, आणि तिच्यात पुन्हा एक महिना मिळवला की २८ मार्च. पण ३१ जानेवारीत एकदम दोन महिने मिळवले तर ३१ मार्च येते. म्हणून प्रत्येक हप्त्याची तारीख मागच्या हप्त्यावरून काढू नये, मूळ तारखेवरून काढावी. व्याज मात्र दिवसांवर असेल तर दोन तारखांमधील प्रत्यक्ष दिवस मोजूनच.

द्राक्षबागायतदारांचे गणित याहून सूक्ष्म आहे, आणि ते मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण त्यात चुकीची किंमत सबंध हंगामाने मोजावी लागते. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची फळछाटणी, त्यानंतरची प्रत्येक फवारणी, विरळणी आणि पाण्याचा बदल ‘छाटणीपासून अमुक दिवस’ या भाषेतच ठरतो. छाटणीचा दिवस शून्य धरावा की एक, हे बागेगणिक वेगळे असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशीतील दिवस आणि ॲपमधील दिवस यांत एकाचा फरक पडेल. फवारणीच्या वेळापत्रकात एक दिवस एखादे वेळी चालून जाईल. पण शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत जे दिवस सोडावे लागतात, ज्याला बागायतदार पीएचआय म्हणतात, तेथे तो चालणार नाही. समजा, १ मार्चला संध्याकाळी ५ वाजता फवारणी झाली आणि औषधाचा पीएचआय १५ दिवसांचा आहे. फवारणीचा दिवसच पहिला धरणारा १५ मार्चला काढणी करील. तारखांची वजाबाकी करणारे सॉफ्टवेअर १६ मार्चला परवानगी देईल. परंतु १६ मार्चच्या सकाळीदेखील १५ पूर्ण अहोरात्रे झालेली नसतात, ती संध्याकाळी ५ ला होतात. निर्यातीच्या मालाचा उर्वरित अंश प्रयोगशाळेत तपासला जातो आणि तेथे कोणाचे समर्थन ऐकले जात नाही. माझे मत स्पष्ट आहे की, जेथे आरोग्याचा आणि मालाचा प्रश्न आहे तेथे सॉफ्टवेअरने सर्वांत दीर्घ गणनाच धरावी आणि १७ मार्च ही तारीख दाखवावी. शिवाय ती कशी काढली हेही एका ओळीत लिहावे.

आता दाखविण्याविषयी. मराठी माणूस कालावधी दशांशात बोलत नाही. तो पाव तास, पाऊण तास, सव्वा तास, दीड तास, पावणेदोन तास, अडीच तास असे बोलतो. मराठीतून नोंद घेणाऱ्या, विशेषतः आवाजावरून नोंद घेणाऱ्या, प्रणालीला हे शब्द समजलेच पाहिजेत: पाऊण म्हणजे ४५ मिनिटे, सव्वा म्हणजे ७५, दीड म्हणजे ९०, पावणेदोन म्हणजे १०५, अडीच म्हणजे १५०. त्यापुढे सव्वा, साडे आणि पावणे यांचा नियम सरळ चालतो; साडेतीनमध्ये ३० मिनिटे मिळवावयाची, पावणेचारमध्ये १५ वजा करावयाची. मात्र ‘साडेतीन तास’ आणि ‘साडेतीनला’ यांत पहिला कालावधी आहे आणि दुसरी वेळ, हा भेद प्रत्ययावरूनच करावा लागेल. देवनागरी अंक स्वीकारावेत, हे वेगळे सांगावयास नको. उत्तर देताना ‘२:०५’ असे न लिहिता ‘२ तास ५ मिनिटे’ असे लिहावे. पहिल्या रूपात तास-मिनिटे आहेत की मिनिटे-सेकंद, हे कळत नाही.

रूपांतरात गोलाई आणावीच लागते, पण ती कोठे आणावी याचा नियम व्यवस्थापनाने लेखी ठरवावा, प्रोग्रॅमरने परस्पर ठरवू नये. एखादा कामगार महिन्यात २६ दिवस रोज ७ तास ५० मिनिटे काम करतो, आणि प्रणाली रोजच्या रोज जवळच्या पाव तासापर्यंत आकडा गोल करते; तर रोज ५ मिनिटे प्रमाणे महिन्याला २ तास १० मिनिटे त्याच्या हजेरीतून जातात. हीच गोलाई महिन्याच्या बेरजेवर एकदाच केली तर जास्तीत जास्त साडेसात मिनिटांचा फरक पडेल. जादा कामाचा मोबदला साध्या दराच्या दुप्पट द्यावा लागत असल्यामुळे, तेथे ही तफावत दुप्पट होऊन कामगाराच्या अंगावर येते.

प्रणाली लोकांच्या हाती देण्यापूर्वी तिला काही ठराविक नोंदी घालून पाहाव्यात: शून्य कालावधी; ५९ आणि ६० मिनिटे; २४ तासांहून अधिक चाललेला पंप; मध्यरात्र ओलांडणारी पाळी; ३१ जानेवारीपासूनचे हप्ते; २९ फेब्रुवारीला सुरू झालेली वर्षाची मुदत; आणि शेवट आरंभाच्या आधी लिहिलेली चुकीची नोंद, जी प्रणालीने मुकाट्याने स्वीकारता कामा नये. त्यानंतर एक महिना वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवून रोज बेरजा ताडून पाहाव्यात.

सांगली-मिरजेच्या महाविद्यालयांतून शिकून जे तरुण गावाकडच्या संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहीत आहेत, त्यांना एवढीच विनंती आहे की, पहिली ओळ लिहिण्याआधी त्यांनी एकदा पंपघरात जाऊन तेथील नोंदवही समोर ठेवावी आणि ती लिहिणाऱ्याला प्रत्येक बिंदूचा अर्थ विचारावा. आणि प्रणाली तयार झाल्यावर पाणी घेणाऱ्याच्या हाती जी पावती पडेल तिच्यावर आरंभ, शेवट, तास आणि मिनिटे ही चारही स्वतंत्र छापावीत, म्हणजे त्याला स्वतःच्या बोटांवर तो हिशेब पडताळून घेता येईल.